मिठीकाठचं रान आणि मुलांची सुट्टी



परीक्षा संपल्या, निकाल लागले, बाजारात हापूसच्या पेट्या आल्या, आणि घराघरांत वर्षानुवर्षं चालत आलेला प्रश्न पुन्हा उभा राहिला: या मुलांना आता दिवसभर ठेवायचं कुठे? ज्यांचं गाव अजून टिकून आहे ते मामाकडे, आजोळी गेले. पण ज्यांचं गाव सुटलं, ज्यांच्या आईवडिलांना रजा मिळत नाही, त्यांची मुलं दोन खोल्या आणि एक मोबाइल यांतच अख्खा उन्हाळा काढतात. अशा मुलांसाठी, आणि त्यांच्या मोठ्या माणसांसाठीसुद्धा, मी आज एका जागेची ओळख करून देणार आहे.

ही जागा भर मुंबईत आहे. शीव-वांद्रे जोडरस्त्यावर, धारावी बस डेपोच्या समोर. नाव आहे महाराष्ट्र निसर्ग उद्यान. तुमच्यापैकी पुष्कळजण बसमधून तिथून रोज जात असाल. बाहेर वाहनांचा गोंगाट, धूर, वर तापलेलं ऊन. फाटकातून आत पन्नास पावलं चाललात की सावली लागते, आणि तांबट पक्ष्याचा एकसुरी टुक-टुक आवाज ऐकू यायला लागतो. शहरातल्या माणसाला वाटतं, एवढी झाडं म्हणजे इथे पूर्वीपासून जंगलच असणार. तसं नाही. एकेकाळी मुंबईचा कचरा इथे येऊन पडत असे. त्या कचऱ्यावर माती पसरून 1983 साली डॉ. सालिम अली यांच्या हस्ते झाडं लावायला सुरुवात झाली, आणि 1994 साली सुमारे 37 एकरांचं हे रान लोकांसाठी खुलं झालं. इतिहास एवढाच. पण तो मुलांना सांगितला की त्यांचे डोळे मोठे होतात. पायाखाली कचरा आहे? हो, आहे. आणि त्याच्यावर हे सगळं उगवलं आहे.

सालिम अलींनी इथे पहिली झाडं लावली तेव्हा त्यांचं वय 86 होतं. गिरगावातल्या खेतवाडीत वाढलेला हा मुलगा. दहा-बारा वर्षांचा असताना त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, असं त्याने मामाला विचारलं. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्या पोराला हाकलून दिलं नाही. एकेक खण उघडून जतन केलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. पुढे देशाला एवढा मोठा पक्षितज्ज्ञ मिळाला तो अशा रीतीने. एका मोठ्या माणसाने एका लहान मुलाच्या प्रश्नाला वेळ दिला. आजच्या बोलण्यात मी ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यातच आहे: मुलांना वेळ द्या, आणि तो मातीत, झाडाखाली द्या.

आम्ही काही शिक्षक आणि पालक मिळून उन्हाळ्यात लहान मुलांना या उद्यानात घेऊन येतो; हेच आमचं शिबिर. पाच ते आठ वर्षांची मुलं. तंबू नाही, मुक्काम नाही. सकाळी लवकर यायचं, ऊन डोक्यावर यायच्या आत डबा खायचा आणि घरी जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. या रोज येण्याला फार महत्त्व आहे. सहलीला गेलेलं मूल शंभर गोष्टी बघतं आणि संध्याकाळी त्यातल्या दोन सांगतं. रोज त्याच जागी येणारं मूल मात्र एकच गोष्ट बघत राहतं, आणि ती रोज त्याला नवीन दिसते.

पहिल्या दिवशी आम्ही प्रत्येकाला एक झाड निवडायला सांगतो. ते त्याचं झाड. कुणी बहावा घेतं, कारण तो पिवळ्या झुंबरांनी लगडलेला असतो. कुणी ताम्हण घेतं, कारण त्याची फुलं जांभळी असतात. सावर घेणाऱ्याच्या अंगावर कापूस उडत येतो, म्हणून त्याच्याभोवती नेहमी गर्दी. एका वर्षी धारावीतल्या एका मुलीने सगळं सोडून कढीपत्त्याचं रोपटं निवडलं. बाकीची मुलं म्हणाली, हे कसलं झाड, हे तर फोडणीत घालतात. ती काही बोलली नाही. तशी ती कुणाशीच फारसं बोलत नसे.

त्या कढीपत्त्याच्या पानावर तिला पक्ष्याची वाळलेली विष्ठा दिसली, आणि थोड्या वेळाने ती विष्ठा चालायला लागली. कढीपत्त्यासारख्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढणाऱ्या फुलपाखराची ती अळी होती. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून ती सुरुवातीला असंच रूप घेते, आणि मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते. ती मुलगी रोज सकाळी धावत जाऊन आधी अळी बघायची. किती पानं खाल्ली, ते मोजायची. एके दिवशी अळीने कात टाकली आणि ती हिरवी झाली. आणखी काही दिवसांनी ती फांदीला दोरा बांधून निजली आणि तिचा कोष झाला. मग वाट बघणं सुरू झालं. इतर मुलंही आपापली झाडं सोडून तिच्या रोपट्यापाशी यायला लागली. अजून झालं नाही का, असं विचारायला लागली, आणि त्यांना उत्तर कोण देणार? तीच. न बोलणारी मुलगी सगळ्यांना समजावून सांगत होती: हात लावू नका, आता आतमध्ये पंख तयार होतायत. आम्ही मोठी माणसं मागे उभं राहून ऐकत होतो.

याच शिबिरात एकदा आम्ही कुंभारवाड्यातल्या एका काकांना बोलावलं. धारावीचा कुंभारवाडा इथून हाकेच्या अंतरावर. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची वस्ती. कित्येक पिढ्या ते मुंबईला माठ, पणत्या, कुंड्या पुरवत आले आहेत. आमच्या मुलांना चाक बघायची घाई. काकांनी चाक आणलं, पण झाकून ठेवलं. आधी मातीची ढेकळं मुलांसमोर ओतली आणि म्हणाले, फोडा. मुलांनी फोडली. मग म्हणाले, खडे वेचा. मुलांनी वेचले. मग पाणी घालून म्हणाले, आता तुडवा. बूटमोजे काढून सगळी टोळी चिखलात उतरली, तेव्हा जो आनंदाचा कल्लोळ झाला तो मला अजून ऐकू येतो. चाक कधी, असं एकाने विचारलं. काका गुजराती-मराठी-हिंदी मिसळून बोलायचे. म्हणाले, मिट्टी अजून कच्ची छे, उद्या ये. आणि खरंच, चाक दुसऱ्या दिवशी फिरलं. त्या दिवशी बनलेल्या पणत्या वाकड्या होत्या, जाडजूड होत्या, पण एकही मूल आपली पणती विसरून गेलं नाही. ज्या मातीतले खडे आपण वेचलेत, तिची वस्तू कोण टाकून जाईल?

आणि डबा! तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. करंजाच्या सावलीत सतरंजी टाकून आम्ही बसतो. कुणाकडे थेपले, कुणाकडे इडली, कुणाकडे अंडा-पाव. स्टीलच्या बरणीत कोकमाचं सरबत, आणि कैरीच्या फोडींना तिखट-मीठ. एक मुलगा धारावी कोळीवाड्यातला. त्याच्या आजीने तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी दिली होती. लसूण, ओलं खोबरं, चिंचेचा कोळ घालून केलेली. डबा उघडल्याबरोबर सुटलेल्या वासाने सगळे त्याच्याकडे वळले, आणि भाकरीचे इतके तुकडे झाले की त्याच्या वाट्याला पाव भाकरीसुद्धा उरली नाही. दुसऱ्या दिवशी आजीने भाकऱ्यांची चवडच पाठवली. तशी भाकरी मी नंतर मोठमोठ्या खानावळींत शोधली, मला मिळाली नाही.

त्या मुलाचे आजोबाही एक दिवस आले. मुलांना घेऊन ते उद्यानाच्या कडेला गेले, जिथून पलीकडे मिठी नदी आणि तिवरांचं बन दिसतं. चिखलातून वर आलेली तिवराची श्वासमुळं त्यांनी दाखवली आणि सांगितलं, आमच्या लहानपणी या खाडीत निवट्या मिळायच्या, चिंबोऱ्या मिळायच्या, कोळंबी मिळायची. आता? आता मिठीच्या पाण्याला हात लावायची सोय नाही. विहार आणि पवईच्या तलावांचं पाणी घेऊन ही नदी निघते आणि माहीमच्या खाडीला मिळेपर्यंत आपण तिचं काय करून ठेवतो, ते आजोबांना सांगावं लागलं नाही. वाऱ्याबरोबर वास येतच होता. स्वच्छ खाडीवर तिवराचं पान जिभेला लावलं तर खारट लागतं, कारण जास्तीचं मीठ ते झाड पानांवाटे बाहेर टाकतं. मुलांना आवडेल अशी ही गंमत. मिठीकाठी मात्र आम्ही ती मुलांना करू देत नाही. याचं मला फार वाईट वाटतं, आणि ते मी इथे बोलून दाखवतो.

आणखी एक बोलायचं आहे. हल्ली उद्यान म्हटलं की रबराची फरशी, प्लास्टिकची घसरगुंडी, झाडांच्या बुंध्यापर्यंत घातलेले पेव्हर ब्लॉक आणि ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी. मुलाने हात लावायचा तरी कशाला? उन्हाळी शिबिरंही निघाली आहेत, वातानुकूलित खोलीत चमकीचे कागद चिकटवायचे आणि शेवटी प्रमाणपत्र घ्यायचं. आईवडिलांना वाटतं, मूल काहीतरी शिकलं. कपडे मळले तर मात्र तक्रार. अहो, पाच वर्षांच्या मुलाचे कपडे उन्हाळ्यात मळायलाच हवेत.

आपल्या महाराष्ट्राला हे नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी बालशिक्षणाचं जे काम केलं, ते आठवा. महागडी साधनं आणायची कुठून, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं केली. मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तेव्हा शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा. एवढी मोठी परंपरा घरात असताना आपण मुलांना शिकवायला चार भिंती शोधत फिरतो.

हे उद्यान जपलं पाहिजे. मुंबईत 37 एकर म्हणजे काय, हे मुंबईकराला सांगायला नको. धारावीच्या पुनर्विकासाच्या चर्चेत या जमिनीचंही नाव निघालं होतं, आणि तिच्यावर माया असलेली माणसं तेव्हा पुढे आली. अशी माणसं वाढायला हवीत. ती वाढतील कशी? लहानपणी ज्याने इथे एक झाड आपलं मानलं, तो मोठेपणी त्या झाडासाठी उभा राहील. मी पुन्हा तेच सांगतो आहे, पण ते पुन्हा सांगण्यासारखंच आहे.

तुम्ही मुंबईत असाल तर मुलांना घेऊन इथे या. सकाळी लवकर निघा. अंगात पूर्ण बाह्यांचा जुना सुती सदरा, डोक्याला टोपी, सोबत पाण्याची बाटली आणि एखादं भिंग, एवढं सामान पुरे. डास असतात, हातापायांना तेल लावा. फुलं-पानं तोडायची नाहीत, खाली पडलेली वेचायची. पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं, आणि त्याचा मोबाइल पिशवीत हवा. मुलाने विचारलेल्या पक्ष्याचं नाव तुम्हाला येत नसेल तर लाजू नका. दोघं मिळून बघा, रंग लिहून ठेवा, पुस्तकात शोधा.

आणि तुम्ही नाशिकला असाल, सांगलीला असाल, एखाद्या तालुक्याच्या गावी असाल, तरीही अडत नाही. गावाबाहेरची देवराई, ओढ्याचा काठ, शाळेमागचा वड, काहीही चालेल. चार घरांनी एकत्र यावं, पाळ्या लावाव्यात, आणि आठवडाभर रोज सकाळी मुलांना त्याच जागी न्यावं. याला पैसे लागत नाहीत. कुणाची परवानगी लागलीच तर ग्रामपंचायतीला किंवा मुख्याध्यापकांना एक अर्ज द्यावा. आजोबा असतील तर त्यांना बरोबर घ्यावं, गावात कुंभार असेल, सुतार असेल, तर त्यालाही बोलवावं. सुट्टी संपायला अजून बरेच दिवस आहेत. उद्या सकाळपासूनच सुरुवात करा.