मेलेल्या कोंबडीचा मालक कोण?



 कुक्कुटपालकांच्या या अधिवेशनात खाद्याचे दर आणि बाजारभाव यांवर दिवसभर चर्चा होईलच. मला बोलायचं आहे ते शेडच्या मागे भरून ठेवलेल्या पोत्यांबद्दल.

बॅचमध्ये रोज थोडी मर होतेच. ती कार्डावर लिहिली जाते आणि पक्षी खड्ड्यात जातात. पण एखाद्या सकाळी तुरे निळे-जांभळे पडलेले दिसतात, डोकी सुजलेली असतात, खाद्य तसंच उरतं आणि मर एकदम वाढते. त्या वेळी आपल्यातल्या अनेकांना पहिली काळजी वाटते ती गवगवा होण्याची. मग रात्रीतून मेलेल्या पक्ष्यांची पोती ओढ्याला लागतात, कुठे बंदी असलेल्या मांगूर माशांच्या तळ्यांवर जातात. कुत्री, कावळे आणि पाणी तो रोग पुढच्या गावाला पोचवतात.

नवापूरकरांना हे सांगायला नको. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच सापडला आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातलं मुरुंबा आणि पुन्हा नवापूर, दोन्हीकडे तेच दुःख आलं.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम 2009 मध्ये लागू झाला. त्याच्या अनुसूचीत बर्ड फ्लूबरोबर आपल्या रोजच्या ओळखीची मानमोडी आणि गंबोरोही आहेत. अशा रोगाचा संशय आला की ग्रामपंचायतीला किंवा गावच्या अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. खात्री होईपर्यंत थांबायची मुभा नाही. आजारी पक्षी वेगळे ठेवायचे, मेलेल्यांची विल्हेवाट ठरवून दिलेल्या पद्धतीनेच लावायची. रोगाने मेलेलं जनावर जाणूनबुजून नदी-तलावात टाकणं हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. दंडाची रक्कम आजच्या काळात फार किरकोळ आहे आणि ती वाढवावी, असं माझं मत आहे, आपल्यातल्या काहींना ते रुचलं नाही तरी.

आता मुख्य मुद्दा. आपल्यातले बरेच जण करार पद्धतीत आहेत. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं. शेड, वीज आणि राबणं आपलं. मर वाढली की आपण म्हणतो, पक्षी कंपनीचे आहेत, सुपरवायझर बघेल. सुपरवायझर म्हणतो, शेड तुमचं आहे. कायद्याने ही पळवाट ठेवलेली नाही. कळवण्याची जबाबदारी मालकावर आहे, तशीच पक्षी ज्याच्या ताब्यात आहेत त्याच्यावरही. म्हणून फोन कंपनीला करा, पण त्याच तासाला गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही करा.

डॉक्टर येईपर्यंत मेलेली कोंबडी फाडून बघू नका. नमुने आधी पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत आणि तिथून भोपाळला जातात. त्यावरच पुढचं सगळं ठरतं. पुरायची परवानगी मिळाली की जागा विहिरी-बोअरपासून लांबची निवडा. 2 मीटर लांब, तेवढाच रुंद आणि खोल असा खड्डा साधारण 1800 पक्ष्यांना पुरतो. पक्ष्यांवर चुना आणि त्यावर मातीचा जाड थर द्या. ही माती तुडवून घट्ट करायची नसते, कारण कुजताना वायू धरतो, दाबलेली माती तडकते आणि घाण वर येते. वर काटेरी कुंपण घाला, कुत्री उकरतात. हातमोजे आणि मास्क मजुरांनाही द्या. घरातल्या पोरांना त्या बाजूला फिरकू देऊ नका.

गप्प राहण्यात नुकसानही आपलंच आहे. सरकारी भरपाई मिळते ती पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे कळवायला जितका उशीर, तितके भरपाईचे पक्षी कमी.

पण सगळा भार शेतकऱ्याच्या माथी मारणंही मला मान्य नाही. खड्डा खणणारं यंत्र, चुना, मजुरी आणि रिकाम्या शेडचे पुढचे महिने, याचा खर्च कोणी सोसायचा याबद्दल करारनाम्यांत बहुधा चकार शब्द नसतो. संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात मी ठराव मांडणार आहे: मेलेल्या पक्ष्यांच्या विल्हेवाटीचा खर्च कंपनीने द्यावा आणि भरपाईतला पाळणाऱ्याचा वाटा किती, हे करारात लिहिलेलं असावं. पशुसंवर्धन विभागाने असा नमुना करार मराठीत तयार करून द्यावा, ही मागणीही त्यात आहे. आपण सर्वांनी थांबून त्यावर मत द्यावं, ही विनंती.