खाड्यांची वही

मुलं मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तकं हातात घेतलेल्या बऱ्याच जणी आज ऐकत असतील. आम्ही तिघीही त्यातल्याच. एम.ए.च्या शेवटच्या वर्षी आम्हाला वारसा या विषयावर स्वतंत्र संशोधन प्रकल्प करायचा होता. तो कसा केला, ते आज सांगतो.

विषय आपल्या भायखळ्यातलाच घ्यायचा, हे ठरलं होतं. इथे दाखवण्यासारखं पुष्कळ आहे. राणीच्या बागेतलं संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलं आणि १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव मिळालं. आपल्या स्टेशनच्या जुन्या इमारतीची नीट डागडुजी झाली, तिला २०२२ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. या वास्तूंबद्दल लिहिणारे आहेत. आम्हाला वेगळाच प्रश्न पडला. गिरण्यांत राबायला कोकणातून, घाटावरून हजारो पुरुष एकटेच यायचे. त्यांना जेवायला कोण घालायचं?

उत्तर तुम्हाला माहीत आहे: खाणावळवाल्या. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी, प्रत्येक पाळीच्या वेळा सांभाळून चाळीतल्या एका खोलीत पंचवीस-तीस ताटं वाढणाऱ्या बायका.

संशोधनात पहिलं काम विषय लहान करण्याचं. ‘गिरणगावातल्या स्त्रिया’ हा विषय एका वर्षात मावत नाही. आम्ही तीन चाळी आणि दहा वर्षं घेतली, १९७५ ते १९८५. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी खाणावळवाल्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज या बायकांच्या आवाक्यात आलं. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि जेवणाऱ्यांचे पगार थांबले.

दुसरं काम, आधी झालेलं वाचायचं. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांना बोलतं करून मौखिक इतिहास लिहिला, तो २००४ साली पुस्तकरूपाने आला. माणसाचं बोलणं हाही पुरावा असतो, हे आम्ही तिथे शिकलो. काळा घोड्याजवळच्या पुराभिलेखागारातही बसलो. तिथे गिरण्या भेटल्या, संप भेटले. आमच्या तीन चाळींतल्या बायकांची नावं मात्र भेटली नाहीत.

ती भेटली एका मावशींच्या ट्रंकेत. त्यांची खाणावळीची वही. ज्या दिवशी माणूस जेवला नाही, त्या दिवशी खाडा, म्हणजे नावापुढे फुली. महिन्याअखेर खाडे वजा करून पैसे घ्यायचे. १९८२च्या पानांवर काही नावांपुढे फुल्याच फुल्या आहेत आणि कडेला लिहिलंय, ‘गावी गेला’. काही नावांपुढे मात्र एकही खाडा नाही आणि पैशांचा रकाना महिनोन्‌महिने कोरा. म्हणजे माणूस जेवत होता, मावशी वाढत होत्या. दुकानदाराची उधारी फेडायला पाटल्या मोडल्या, असं त्या म्हणाल्या.

आता अडचण ऐका. ही वही छापली, तर आमच्या प्रबंधाचं सोनं होणार होतं. पण त्यात उधारी आहे, नावानिशी. त्या माणसांची मुलं-नातवंडं याच गल्ल्यांत राहतात. आम्ही मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘माझं लिहा, त्यांचं नको.’’ मग आम्ही वहीचे फोटो काढले, नावं झाकली, रकाने तेवढे दाखवले. मूळ वही मावशींकडेच आहे. त्यांच्या मुलाखतीचं टिपण त्यांना वाचून दाखवलं, त्यांनी दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली. त्यातलं एक आमचं फार आवडतं होतं.

प्रकल्प करणाऱ्या मैत्रिणींना एवढंच सांगू. मुलाखतीला एकदाच जाऊ नका, दोनदा-तीनदा जा. रेकॉर्डिंग करण्याआधी परवानगी घ्या, आणि ‘नको’ म्हणायची मोकळीक द्या. बोललेलं आणि कागदावरचं जुळवून पाहा. जुळलं नाही, तर तसं स्पष्ट लिहा. काम झालं की एक प्रत ज्यांनी सांगितलं त्यांच्या घरी पोचवा.

आणि घाई करा. मावशींची चाळ पुनर्विकासाला गेली आहे. या पावसाळ्याआधी खोल्या रिकाम्या करायच्या आहेत, आणि सामान आवरताना जुन्या वह्या आधी रद्दीत जातात. तुमच्या घरी, सासूबाईंच्या ट्रंकेत, माळ्यावर असं काही असेल, रेशनकार्ड, भिशीची वही, दूधवाल्याचं कार्ड, तर किलोवर घालण्याआधी एकदा उघडून वाचा. तारीख असेल तर ती बघा, आणि ज्यांचं आहे त्या हयात असतील तर आजच त्यांच्याजवळ बसा.