गाडीतला दिवा काय सांगतो?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला पाककृती, आरोग्य, मुलांचा अभ्यास अशा विषयांवर आपण दरवर्षी ऐकतो. मी आज बोलणार आहे मोटारीच्या ब्रेकविषयी. काहींना हसू येत आहे, ते मला दिसते! परंतु आपले फर्दापूर अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी आहे. दवाखाना असो की माहेर, छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला जावयाचे म्हणजे घाट चढावयाचा आणि येताना उतरावयाचा. गाडी कोणीही चालवो, मूल सांभाळीत आत आपण असतोच. तेव्हा हा विषय आपलाही आहे.

हल्ली पुष्कळ घरी अंगणातच ब्रेक पॅड बदलतात. मजुरी वाचते, त्यात वावगे काही नाही. पण काम आटोपून गाडी सुरू करावी, तो समोर दिवे पेटतात आणि घरात गोंधळ उडतो. आमच्याकडेही असेच झाले. धाकट्या भाऊजींनी पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड बदलले आणि लाल व पिवळा असे दोन्ही दिवे लागून राहिले. एक शेजारी म्हणाले, "बॅटरीची तार काढून पुन्हा लावा." दुसरे म्हणाले, "गाडी चालवा, आपोआप जातील." सासूबाईंनी मात्र विचारले, "दिवा घालवायचाय, की तो का लागला ते पाहायचंय?" साऱ्या विषयाचे मर्म या प्रश्नात आहे.

प्रथम रंग ओळखावा. वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा मुख्य ब्रेकविषयी सांगतो. हँडब्रेक पुरता उतरलेला नसणे किंवा ब्रेक ऑईल कमी असणे, ही त्याची नेहमीची दोन कारणे. 'एबीएस' अक्षरांचा पिवळा दिवा निराळा. जोराने ब्रेक दाबला असता चाक जाम होऊ न देणारी ही योजना बॉश कंपनीने १९७८ साली मर्सिडीज गाडीतून बाजारात आणली. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून ती नव्या मोटारींना सक्तीची झाली. चाकाजवळचा लहानसा सेन्सर चाकाची गती तारेने कळवीत असतो. तार सुटली, ताणली गेली किंवा सेन्सरवर घाण बसली की पिवळा दिवा लागतो. तो एकटाच असेल तर साधा ब्रेक बहुधा चालतो, पण ओल्या रस्त्यावर गाडी घसरण्याची भीती राहते. दोन्ही दिवे असतील, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी योजनाही बंद पडलेली असू शकते. कारण सापडल्याखेरीज अशी गाडी घाटात नेऊ नये.

आता तपासणीचा क्रम. गाडी सपाट जागी ठेवून चाकांना दगड लावावेत. पहिले, हँडब्रेक पूर्ण खाली करावा. एक खाच वर राहिली तरी लाल दिवा जात नाही. दुसरे, बॉनेट उघडून ब्रेक ऑईलची पातळी डबीवरच्या दोन खुणांमध्ये आहे का पाहावे. पॅड झिजतात तशी ती उतरते, आणि नवे पॅड बसविताना पिस्टन मागे ढकलला की पुन्हा चढते. म्हणून आधीच डबी भरू नये; ऑईल सांडून गाडीचा रंग खाते. नव्या पॅडनंतरही पातळी खाली असेल, तर गळती शोधावी. तिसरे, ज्या चाकाला हात लावला तेथील तार पाहावी. चौथे सर्वांत महत्त्वाचे: गाडी हलविण्यापूर्वी पेडल कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावे. पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. एवढे करूनही पेडल मऊ राहिले, तर दिवा विझलेला असला तरी गाडी अंगणाबाहेर काढू नये.

काही गाड्यांत पॅडची झीज कळविणारी वेगळी तार असते. तीही बदलावी लागते. बटणाचा हँडब्रेक असेल तर मागच्या पॅडचे काम गॅरेजवर सोपवावे.

आमच्या गाडीत हँडब्रेक एक खाच वर होता आणि डाव्या चाकाशी तारेचा जोड अर्धवट बसला होता. हँडब्रेक उतरवताच लाल दिवा गेला. जोड नीट दाबून बसविल्यावर पिवळा थोडे अंतर चालून विझला. बॅटरीची तार काढून तो जोड काही घट्ट झाला नसता. असे करूनही दिवा राहिला, तर गॅरेजात स्कॅनर लावून घ्यावा, आणि "पुसून टाका" म्हणण्याआधी "काय निघाले ते सांगा" असे म्हणावे.

आणखी एक. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. 'डॉट ३' प्रतीचे नवे ऑईल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. घाटात ब्रेक तापून ऑईलची वाफ झाली, की पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. म्हणून ऑईल साधारण दोन वर्षांनी बदलावे आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा.

आपल्या गावात मोगलांच्या काळातील सराई आहे. घाटाच्या तोंडाशी थांबण्याची रीत येथे जुनीच! तेव्हा भगिनींनो, लाल दिवा दिसला आणि कोणी "पोहोचल्यावर पाहू" म्हणाले, तर गप्प बसू नका. "गाडी थांबवा" असे म्हणण्याचा अधिकार आत बसलेल्या प्रत्येकीला आहे.