प्रसिद्धीची मजुरी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दूरचित्रवाणीवरील रिअ‍ॅलिटी शो हा विषय अभ्यासवर्गात कशासाठी, अशी शंका अनेकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांची वेठबिगारी, शिक्षणाचे खासगीकरण या विषयांच्या पंक्तीत तो बसत नाही असे वरवर पाहता वाटते. चळवळीत या कार्यक्रमांकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा दिसतात. एक तुच्छतेची: हा सारा थिल्लरपणा आहे, तो पाहणारे अडाणी आणि त्यात जाणारे निर्लज्ज. दुसरी तऱ्हा मनातून दिपून जाण्याची: प्रसिद्धीवाचून आता राजकारण होत नाही, तेव्हा मिळेल त्या मार्गाने ती मिळवावी. या दोन्ही तऱ्हा परस्परविरोधी भासतात. परंतु एक प्रश्न दोन्ही टाळतात. ही प्रसिद्धी तयार कोण करतो, तिचा कच्चा माल कोणता आणि नफा कोणाच्या पदरात पडतो?

हा प्रश्न विचारला की विषय करमणुकीच्या सदरातून निघून श्रमाच्या सदरात येतो.

या कार्यक्रमांच्या वाढीमागे एक आर्थिक हिशेब आहे आणि तो संपाच्या इतिहासाशी जोडलेला आहे. 1988 साली अमेरिकेतील पटकथालेखकांच्या संघटनेने पाच महिने संप केला. 1989 मध्ये फॉक्स वाहिनीवर ‘कॉप्स’ ही मालिका सुरू झाली. पोलिसांच्या मागे कॅमेरा फिरवायचा, जे दिसेल ते दाखवायचे. लेखक नको, नट नको, त्यांच्या संघटना नकोत आणि करारही नकोत. संघटित श्रमाला वगळून स्वस्तात तास भरून काढण्याची ही युक्ती मालकांना मानवली. 1999 साली नेदरलँड्समध्ये एंडेमॉल कंपनीने ‘बिग ब्रदर’ आणला. काही माणसे एका घरात कोंडायची, अहोरात्र कॅमेऱ्याखाली ठेवायची आणि एकेकाला बाहेर काढत जायचे, असा हा खेळ. पुढच्याच वर्षी स्पेनच्या टेलेफोनिका या दूरसंचार कंपनीने एंडेमॉल सुमारे साडेपाच अब्ज युरोंना विकत घेतली. घरातल्या माणसांपैकी एकाही माणसाचा या रकमेत वाटा नव्हता.

‘बिग ब्रदर’ हे नाव जॉर्ज ऑर्वेलच्या 1949 सालच्या कादंबरीतून उचललेले आहे. मोतिहारीला जन्मलेला हा लेखक स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणवत असे. त्याच्या कादंबरीतील माणसे सत्तेच्या नजरेखाली भयाने जगतात. पाळत ठेवली जावी म्हणून कोणी अर्ज भरत नाही. नव्या घरासाठी मात्र हजारोंनी अर्ज आले. ही माणसे मूर्ख होती काय? तसे नव्हे. ज्याला एरवी कोणी पाहतच नाही, त्याला पाहिले जाण्याची भूक असते. समाजाने निर्माण केलेली ही भूक मालाच्या बाजारात विकायला मांडली गेली, इतकेच.

या व्यवहाराचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे जेड गुडी. लंडनच्या बर्मंडसी या कामकरी वस्तीत 1981 साली तिचा जन्म झाला. वडील व्यसनाधीन, तुरुंगाच्या वाऱ्या करणारे. आईचा एक हात अपघातात निकामी झालेला, आणि त्या आईची शुश्रूषा लहानग्या जेडकडे. पुढे ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करू लागली. 2002 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ती ब्रिटनच्या ‘बिग ब्रदर’च्या घरात गेली. ईस्ट अँग्लिया हा इंग्लंडचाच भाग आहे हे तिला ठाऊक नव्हते, आणि त्यावरून देश हसला. खपाऊ वृत्तपत्रांनी तिची तुलना डुकराशी केली. सरकारी शाळांनी गरिबाच्या मुलीला काय शिकवले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. तिचे अज्ञान हाच विक्रीचा माल होता. ती चौथी आली, आणि जिंकणाऱ्याहून अधिक प्रसिद्ध झाली. पुढे आत्मचरित्र, अत्तर, मासिकांची मुखपृष्ठे असे सारे आले. तिने लक्षावधी पौंड मिळवले. विकले ते एकच: स्वतःचे असणे.

जानेवारी 2007 मध्ये ती वलयांकित लोकांसाठीच्या ‘बिग ब्रदर’मध्ये पुन्हा गेली. तेथे शिल्पा शेट्टी होती. जेडने आणि तिच्या सोबतिणींनी शिल्पाचा जो पाणउतारा केला त्यात वंशद्वेष होता, आणि त्याचे समर्थन कोणत्याही वर्गविश्लेषणाने होणार नाही. गरिबी ही द्वेषाचा परवाना नव्हे. परंतु पुढे जे घडले त्याचा हिशेब मांडलाच पाहिजे. ब्रिटनच्या नियामक संस्थेकडे 44,500 हून अधिक तक्रारी गेल्या. पाटण्यात पुतळे जळाले. लंडनच्या संसदेत प्रश्न निघाला. या गदारोळात प्रेक्षकांची संख्या वाढली. जो मजकूर निवडून, कापून, जोडून रोज रात्री दाखवला जात होता, तो दाखवणाऱ्या वाहिनीला नियमभंगाबद्दल ताशेरे ऐकावे लागले आणि ते प्रसारित करावे लागले. तेवढ्यावर तिचे निभावले. जेडचे अत्तर दुकानांतून उतरवले गेले, पुस्तकाची नवी आवृत्ती थांबली. कारखान्यात सदोष माल निघाला तर दोष मजुराच्या माथी मारायचा, हा जुना न्याय येथेही चालला.

क्षमा मागण्यासाठी आणि बुडालेली पत सावरण्यासाठी ती ऑगस्ट 2008 मध्ये भारतात ‘बिग बॉस’मध्ये आली, सूत्रसंचालन शिल्पा शेट्टीकडेच होते. मुंबई आणि पुण्याच्या दरम्यान उभारलेल्या त्या घरात असतानाच तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाल्याचे कळले. ती परतली. रोग हाताबाहेर गेल्यावर तिने आपले आजारपण आणि फेब्रुवारी 2009 मधील आपला विवाह यांच्या चित्रीकरणाचे आणि छायाचित्रांचे हक्क विकले. दोन लहान मुलांच्या शिक्षणासाठी पैसा ठेवायचा आहे, असे तिने उघड सांगितले. एका सचित्र साप्ताहिकाने तर ती जिवंत असतानाच तिचा श्रद्धांजली विशेषांक बाजारात आणला. 22 मार्च 2009 रोजी, सत्ताविसाव्या वर्षी, ती गेली.

मृत्यूही विकला, म्हणून सुसंस्कृत लोकांनी नाके मुरडली. ज्याच्यापाशी जमीन नाही, कारखाना नाही, वारसा नाही, तो आपले श्रम विकतो. तेही सरले की देह विकतो. देहही सरत आला तेव्हा या बाईने मरण विकले, आणि ते मुलांसाठी विकले. तिची कीव करण्याचे किंवा तिला हसण्याचे कारण नाही. जेथे मरण विकत घ्यायला गिऱ्हाईक तयार उभे असते, ती बाजारपेठ तपासण्याचे कारण आहे.

या कहाणीत एक गोष्ट बाजाराच्या हिशेबाबाहेरची घडली. तिच्या आजाराची बातमी पसरल्यावर, 2008 च्या मध्यापासूनच्या वर्षभरात इंग्लंडमध्ये अपेक्षेपेक्षा चार लाखांहून अधिक स्त्रिया या कर्करोगाच्या चाचणीसाठी गेल्या. हे श्रेय प्रसिद्धीला देण्याची घाई होते. पण भीतीने घराबाहेर पडलेल्या त्या स्त्रियांसाठी मोफत चाचणीचे केंद्र उघडे होते, आणि ते कामगार चळवळीच्या रेट्यातून 1948 साली उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेमुळे उघडे होते. प्रसिद्धी जागे करू शकते. जाग आलेल्या माणसाने जायचे कोठे, याचे उत्तर सार्वजनिक व्यवस्थाच देऊ शकते.

ही मजुरी आहे, हे आता न्यायालयांनीही म्हटले आहे. फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने 3 जून 2009 रोजी अशाच एका कार्यक्रमातील सहभागी व्यक्तींना कामगार मानले. त्यांनी कोठे राहायचे, काय करायचे हे निर्माता ठरवतो आणि त्यातून विकाऊ माल तयार होतो, तेव्हा तो रोजगाराचा करारच होय, असा निर्णय झाला. अमेरिकेतही डिसेंबर 2024 मध्ये राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाने ‘लव्ह इज ब्लाइंड’च्या निर्मात्यांविरुद्ध, सहभागी व्यक्तींना कामगार न मानल्याबद्दल तक्रार दाखल केली.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या दारातही आला आहे. मराठी ‘बिग बॉस’ 2018 मध्ये सुरू झाले, आणि 2024 चे पर्व सूरज चव्हाणने जिंकले. बारामती तालुक्यातील मोढवे गावचा हा मुलगा; आईवडील लहानपणीच गेलेले, शाळा सुटलेली, मोलमजुरी केलेली. मोबाइलवरील छोट्या चित्रफितींनी त्याचे नाव झाले. त्याच्या विजयाने गावोगावच्या गरीब पोरांना जो आनंद झाला, तो खरा होता आणि त्याची चेष्टा करणारा कार्यकर्ता त्या पोरांशी कधी बोलू शकणार नाही. विजयानंतर तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी त्याला घर बांधून देण्याचे जाहीर केले. त्याला घर मिळावे, यात दुमत नाही. पण निवारा हा नागरिकाचा हक्क असेल, तर तो पाहिला गेलेल्या एकाला देणगी म्हणून आणि न पाहिल्या गेलेल्या हजारोंना घरकुलाच्या यादीतील प्रतीक्षा म्हणून का मिळावा? त्या एका घराच्या छायाचित्रामागे ती सारी यादी झाकली जाते. प्रसिद्धीचे राजकीय कार्य हेच आहे.

तिचे दुसरे कार्य अधिक घातक आहे. या घरांचा नियम असा, की जगायचे तर शेजाऱ्याचे नाव बाहेर काढण्यासाठी सुचवायचे. अमेरिकेत 2004 साली सुरू झालेल्या ‘द अप्रेंटिस’ने तर माणसाला कामावरून काढून टाकण्याचा क्षण हीच करमणूक केली, आणि तो क्षण साजरा करणारे डोनाल्ड ट्रम्प 2016 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. संघटना सांगते, एकाला काढले तर सारे बाहेर पडू. हा खेळ सांगतो, एकाला काढले तर आपण एक आठवडा वाचलो. रोज रात्री दुसरा धडा गिरवणाऱ्या समाजात सकाळी पहिला धडा सांगणे किती अवघड आहे, हे कामगारवस्तीत काम करणाऱ्यांना ठाऊक आहे.

मग प्रसिद्धी वाईटच काय? महाराष्ट्राच्या समाजवादी परंपरेचा अनुभव तसा नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर पुढे आले आणि घराघरांत पोचले. निळूभाऊंचे नाव झाले तेव्हा त्यांनी आणि डॉ. श्रीराम लागू यांनी आपली लोकप्रियता पूर्णवेळ कार्यकर्त्यांसाठी खर्ची घातली. ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग लावून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. चार घरी जाऊन निधी मागणाऱ्या कार्यकर्त्याला त्या नावाने उभे राहायला आधार दिला. ती प्रसिद्धी कामातून आली होती, आणि कामाकडे परत गेली.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढील कर्तव्ये स्पष्ट आहेत. हे कार्यक्रम पाहणाऱ्यांना हसणे सोडावे. दूरचित्रवाणी आणि मोबाइलवर राबणाऱ्या तरुणांना कामगार मानून त्यांच्या करारांचा, कामाच्या तासांचा, मानधनाचा प्रश्न हाती घ्यावा. आणि शाखेच्या बैठकीत, मोर्चात, श्रमदानात प्रत्येक माणसाचे नाव घेतले जाईल, त्याचे बोलणे ऐकले जाईल, असे पाहावे. शाखेत ज्याला वर्षानुवर्षे कोणी नावाने हाक मारली नाही, त्याने कॅमेऱ्याची वाट धरली तर दोष केवळ कॅमेऱ्याचा नसतो.