सणासुदीनंतरचें पाचक



आमच्या मौद्याच्या उत्तरेस रामटेकचा डोंगर आहे. तेथें अगस्त्य ऋषींचा आश्रम होता, अशी परंपरा सांगतात. वातापि राक्षसास पोटांत जिरविणारे हेच ते ऋषि. जड जेवणानंतर पोटावरून हात फिरवून अगस्तीचें स्मरण करणारीं वडील माणसें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. परंतु स्मरणानें अगस्तीचें पोट लाभत नाहीं, याचा अनुभव दिवाळीच्या चौथ्या दिवशीं घरोघर येतो आणि मग ओव्याची बरणी फळीवरून खालीं उतरते. मी वैद्य नव्हे, निवृत्त शाळामास्तर आहें. जें अनुभवानें शिकलों तेवढेंच सांगतों.

तळलेलें व तुपांत भिजलेलें अन्न जठरांतून सावकाश पुढें सरकतें. म्हणून पहिलें औषध म्हणजे लंघन. भूक लागल्यावांचून पुढचें जेवण घेऊं नये. काढे त्यानंतर.

पोट गुबारलें असतां अर्धा चमचा ओवा दीड पेला पाण्यांत उकळून एक पेला उरवावा व तें कोमट पाणी घोट घोट घ्यावें. ओव्याचा उग्र वास त्यांतील थायमॉल नामक द्रव्याचा होय. जिरें किंवा बडीशेप याच रीतीनें उकळावी. मुलांना बडीशेप रुचते. सुंठीनें जठर रितें होण्याची क्रिया किंचित् जलद होते, असें कांहीं आधुनिक प्रयोगांत आढळलें आहे. मात्र रक्त पातळ करणारीं औषधें घेणारांनीं डॉक्टरांस विचारूनच ती घ्यावी. पेपरमिंटनें अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायु सैल पडतो, म्हणून छातींत जळजळ होणारांनीं तें टाळावें. पादेलोण कितीहि रुचकर लागलें तरी तें मीठच. रक्तदाब असणारांनीं हात आखडावा.

आंबिलीचा उल्लेख मी मुद्दाम शेवटीं करितों. आमच्या विदर्भांत महालक्ष्म्यांच्या नैवेद्यांत पुरणपोळीच्या शेजारीं ज्वारीची आंबील असते. ज्वारीचें पीठ ताकांत रात्रभर भिजवून सकाळीं पाण्यांत शिजवावें व वर जिरें-मीठ घालावें. जड अन्नाशेजारीं हलकें अन्न मांडण्याचा शहाणपणा आपल्या घरांत पूर्वींपासूनच आहे.

आतां एक दुःखाची गोष्ट. बारा वर्षांपूर्वीं भाऊबिजेच्या रात्रीं माझ्या थोरल्या बंधूंस छातींत जड वाटूं लागलें. पंगतीस पुरणपोळी झाली होती; अर्थात् अजीर्ण, असें सर्वांनीं ठरविलें. मीं स्वतः ओव्याचा काढा केला. एकदां दिला, दोनदां दिला. पहाटे त्यांस दरदरून घाम फुटला व डावा हात दुखूं लागला, तेव्हां आम्हीं त्यांस नागपुरास नेलें. तो हृदयविकाराचा झटका होता. दादा वांचले, परंतु पुढें अंगणांतून विहिरीपर्यंत जातांनाहि त्यांस दोनदां थांबावें लागे. दोष ओव्याचा नव्हता. त्यावर मीं ठेवलेल्या आंधळ्या विश्वासाचा होता.

म्हणून आग्रहानें सांगतों. छातींत दाब, घाम, धाप, हातांत किंवा जबड्यांत कळ, यांपैकीं कांहींहि दिसतांच काढा करीत बसूं नये. १०८ क्रमांकास दूरध्वनि करावा. काळा शौच, रक्ताची उलटी किंवा न थांबणारी पोटदुखी असेल तरी तत्काळ रुग्णालय गांठावें. पाचक पेय हें साध्या अजीर्णाचें सोबती आहे. रोग ओळखणें हें त्याचें काम नव्हे.

आणि अगस्तीचें स्मरण ? तें अवश्य करावें. मात्र जेवण आटोपल्यावर नव्हे, तर तिसरी पुरणपोळी ताटांत पडण्यापूर्वीं करावें.