नवा पहिला अंक आणि जुना वाचक



ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, शेती आणि राज्यघटना यांवर बोलले जाते, तेथे अमेरिकेतील चित्रकथांच्या चोपड्यांचे काय काम, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. चोपड्या मुलांच्या, नायक घट्ट कपडे घालून आकाशात उडणारा. त्यात विचार करण्यासारखे ते काय? पण मी आज त्या नायकाविषयी फारसे बोलणार नाही. मला बोलायचे आहे ते त्याच्या वाचकाविषयी. वीस-पंचवीस वर्षे जो एका व्यक्तीची हकीकत महिन्यामागून महिना वाचत आला, त्याला प्रकाशक एके दिवशी सांगतो की, ती हकीकत घडलेलीच नाही, आता पहिल्यापासून आरंभ करू. त्या वाचकाच्या तक्रारीत तथ्य किती आणि नुसता हट्ट किती, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रसंग २०११ सालचा. 'डीसी कॉमिक्स' ही अमेरिकेतील जुनी प्रकाशनसंस्था. सुपरमॅन आणि बॅटमॅन ही तिचीच अपत्ये. सुपरमॅन १९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला, आणि २०११ पर्यंत त्या नियतकालिकाचा आकडा ९०४ वर पोचला होता. बॅटमॅनचे 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' ८८१ वर होते. नव्या गिऱ्हाइकाला हा आकडा पाहूनच धडकी भरावी. नऊशे अंक मागे पडलेल्या कथेत शिरायचे तरी कोठून? तेव्हा संस्थेने ठरवले की, चालू मालिका गुंडाळायच्या आणि बावन्न मालिका नव्या पहिल्या अंकासह बाजारात आणायच्या. ३१ ऑगस्टला आरंभ झाला, आणि सप्टेंबर संपेपर्यंत सगळ्या बावन्न दुकानांत लागल्या. नायक वयाने तरुण झाले. सुपरमॅनची तांबडी चड्डी गेली. १९९६ साली थाटाने लागलेले त्याचे आणि लोइस लेनचे लग्न लागलेच नव्हते, असे ठरले. घटस्फोट नाही, वैधव्य नाही, लग्नच नाही!

आपल्याला यात नवल वाटण्याचे खरे म्हणजे कारण नाही. एकाच आख्यानाच्या दोन पुराणांत दोन तऱ्हा आढळल्या, की आपले पुराणिकबुवा काय करतात? 'कल्पभेद' म्हणतात आणि पोथी पुढे वाचतात. त्या कल्पात तसे घडले, या कल्पात असे घडले. अमेरिकन संपादकांनी हीच युक्ती आपल्या वाटेने शोधून काढली. १९४० च्या दशकातला 'फ्लॅश' नावाचा वेगवान वीर विस्मरणात गेल्यावर १९५६ साली त्याच नावाचा नवा वीर निघाला. चेहरा वेगळा, पोशाख वेगळा. जुन्यांना जुना हवाच होता. म्हणून १९६१ साली एका कथेत दोघांची भेट घडवली, आणि खुलासा केला की, जुना फ्लॅश दुसऱ्या पृथ्वीवर राहतो. कल्पभेदच तो! त्यात कोणाचे काही हिरावले गेले नाही. जुन्याला वेगळी पृथ्वी मिळाली, नव्याला ही.

त्या काळचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ वाचकांची पत्रे छापताना त्यांचे पूर्ण पत्ते छापू लागले. गोष्ट क्षुल्लक दिसते, पण तिने वाचकांची बिरादरी निर्माण केली. एका गावातला एकटा वाचक दुसऱ्या गावातल्या एकट्याला पत्र लिहू लागला. जेरी बेल्स हे डेट्रॉइटमधील प्राध्यापक. लहानपणी वाचलेले वीर परत आणा, म्हणून त्यांनी संपादकांकडे पत्रांचा तगादा लावला होता. १९६१ साली त्यांनी रॉय थॉमस या तरुणाच्या साहाय्याने 'ऑल्टर ईगो' नावाचे वाचकांचे वाचकांसाठी नियतकालिक काढले. पुढे हे थॉमस स्वतःच नामांकित लेखक व संपादक झाले. म्हणजे या धंद्यात वाचक हा नुसता पैसे मोजणारा राहिला नाही. आपलाही या कथेवर वाटा आहे, असे त्याला वाटू लागले, आणि प्रकाशकांनी ते वाटू दिले. (वाचक म्हणजे संत, असे मात्र कोणी समजू नये. १९८८ साली बॅटमॅनचा साथीदार जेसन टॉड जगावा की मरावा, याचा कौल दूरध्वनीवरून घेतला, तेव्हा ५,२७१ विरुद्ध ५,३४३ मतांनी त्याला मारण्यात आले.)

आता मुद्द्यावर येतो. २०११ च्या तक्रारी सगळ्याच एका वजनाच्या नव्हत्या. चड्डीविषयी कुरकुर करणारे होते. तिकडे दुर्लक्ष केले तरी चालेल. अंकांचा आकडा मोडला म्हणून हळहळणारे होते. त्यांचे दुःख मला समजते, पण ते संग्राहकाचे दुःख आहे. मात्र एक तक्रार अशी होती की, तिच्यापुढे थांबावेच लागते. ती बार्बरा गॉर्डनची.

बार्बरा ही पोलीस आयुक्ताची मुलगी, पेशाने ग्रंथपाल. १९६७ सालापासून ती 'बॅटगर्ल' या नावाने दुष्टांचा समाचार घेत असे. १९८८ साली ॲलन मूर यांच्या 'द किलिंग जोक' या कथेत जोकर तिच्यावर गोळी झाडतो आणि तिचे पाय कायमचे लुळे पडतात. या आघाताचा कथेतला उपयोग एवढाच, की तिच्या बापाला यातना व्हाव्यात. तिचे पुढे काय, याची त्या कथेला फिकीर नाही. ती फिकीर जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल या लेखक दांपत्याने केली. १९८९ च्या आरंभी त्यांनी तिला 'ऑरॅकल' या नावाने परत आणले. आता ती चाकांच्या खुर्चीत बसून संगणकावर काम करते. सगळ्या वीरांना हवी ती माहिती तिच्याकडे मिळते. बॅटमॅनसुद्धा तिला विचारल्याशिवाय पाऊल टाकीत नाही. ग्रंथपालाला याहून शोभणारे काम कोणते? आणि ही ऑरॅकल थोडीथोडकी नव्हे, बावीस वर्षे राहिली.

आता विचार करा. कोणी वाचक स्वतः चाकांच्या खुर्चीत आहे. या वीरांच्या अफाट मेळ्यात आपल्यासारखे कोण आहे, म्हणून तो शोधतो. सापडतात किती? अंगुलीवर मोजण्याइतके, आणि त्यांतही जी कीव मागत नाही, जिच्या बुद्धीवाचून इतरांचे अडते, अशी ही ठळक एक. सप्टेंबर २०११ मध्ये नव्या 'बॅटगर्ल'चा पहिला अंक आला, आणि त्यात बार्बरा छपरांवरून उड्या मारीत होती. गोळी लागली होती. पण तीन वर्षे खुर्चीत काढल्यावर ती बरी झाली, असा खुलासा होता. दक्षिण आफ्रिकेतील उपचारांचा तपशील मागाहून आला. जुन्या वाचकांना अधिकच चटका बसला, कारण ही नवी कथा लिहिणाऱ्या गेल सिमोन याच होत्या. ऑरॅकलच्या उत्तमोत्तम कथांपैकी कित्येक त्यांच्याच लेखणीतून उतरल्या होत्या.

दुसरी बाजूही ऐकून घेतली पाहिजे, कारण ती लेचीपेची नाही. १९९३ साली बेन नावाच्या खलनायकाने बॅटमॅनची पाठ मोडली. वर्षभरात तो ठणठणीत उभा राहिला. सुपरमॅन तर मरून परत आला. मग काही वाचक, आणि त्यांत स्त्रिया पुष्कळ, विचारीत की, जेथे पुरुषाची मोडलेली पाठ वर्षात सांधते, तेथे या एकट्या बाईनेच जन्मभर खुर्चीत का बसावे? तिला सूड म्हणून जायबंदी केली. ती जखम तिने कायम का मिरवावी? प्रश्न बिनतोड आहे. मला स्वतःला खुर्चीतल्या वाचकांचे म्हणणे अधिक पटते. बॅटमॅन बरा झाला, तेव्हा कोणाचा सोबती नाहीसा झाला नाही. बार्बरा बरी झाली, तेव्हा झाला. शिवाय तिच्या पायांत बळ यावे म्हणून कथा पुसायची, तर पुसली काय जाते? गोळी पुसली गेली नाही, ती राहिलीच. नव्या पहिल्या अंकात पिस्तूल रोखलेले पाहताच ती थिजून जाते. पुसले गेले ते त्या गोळीनंतरचे बावीस वर्षांचे कर्तृत्व. जखम ठेवली आणि तिच्यावर मात करून जे उभे केले, ते फेकून दिले. लेखिकेने नव्या बार्बराच्या मनातली भीती फार हळुवारपणे रंगवली आहे, हे मी मान्य करतो. पण तिने हिशेब जुळत नाही.

त्याच उन्हाळ्यात सॅन डिएगोच्या मेळाव्यात बॅटगर्लचा वेष करून आलेल्या एका वाचक बाईने सभांमध्ये उठून प्रश्न विचारला: या नव्या मालिकांत स्त्रिया इतक्या कमी का? व्यासपीठावरील मंडळी त्रासली, सभेतल्या काहींनी हुर्यो केली. पण जुलै संपण्यापूर्वी संस्थेला निवेदन काढून अधिक स्त्रियांना काम देण्याचे आश्वासन द्यावे लागले.

आणि हे सर्व ज्यांच्यासाठी केले, ते नवे वाचक? खप आरंभी खरोखर वाढला. पण संस्थेनेच करवून घेतलेल्या पाहणीचे आकडे २०१२ साली प्रसिद्ध झाले, त्यांत कॉमिक्स प्रथमच हाती घेणारे निघाले शेकडा पाच. गर्दी झाली होती ती मुख्यतः जुन्यांचीच. रुसलेले, रागावलेले, पण पैसे मोजून पहिला अंक घेणारे!

पाच वर्षांनी, मे २०१६ मध्ये, संस्थेने पाऊल मागे घेतले. 'ॲक्शन कॉमिक्स'ला जुना आकडा परत मिळाला. ९०४ मध्ये मधले ५२ मिळवून पुढचा अंक ९५७ काढला. सुपरमॅनचा संसार परत आला. वॉली वेस्ट परत आला. १९५९ साली पोरगा म्हणून कथेत आलेला हा वॉली आपल्या गुरूच्या मृत्यूनंतर फ्लॅश झाला होता आणि वीस-पंचवीस वर्षे ते नाव चालवून नव्या व्यवस्थेत बेपत्ता झाला होता. परत येण्याची त्याची कथा अशी: तो काळाच्या प्रवाहात अडकला आहे, आणि कोणी ओळखील तरच सुटणार आहे. तो एकेका जुन्या स्नेह्याकडे जातो; कोणी ओळखीत नाही. त्याची बायकोही नाही. शेवटी निरोप घ्यायला तो गुरूकडे, बॅरी ॲलनकडे जातो. निरोप घेऊन विरून जात असता बॅरीला त्याचे नाव आठवते आणि तो त्याला हात देऊन ओढून घेतो. हे पान वाचून जुन्या वाचकांच्या डोळ्यांत पाणी आले, ते उगीच नव्हे.

ऑरॅकलचे नाव आणि काम काही वर्षांनी बार्बराकडे परत आले. आता ती ते उभ्याने, चालत्या पायांनी करते. खुर्चीतल्या वाचकांनी जी मागितली होती, ती ऑरॅकल ही नव्हे.