नोकरी दिली, पुढचं काम कोण शिकवणार?

(उरण येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)

सरकारी खर्चातली सुधारणा हा विषय उरणमध्ये मांडायचा तर अर्थसंकल्पाआधी जासईचं नाव घ्यावं लागतं. 16 आणि 17 जानेवारी 1984 या दोन दिवसांत या परिसरात जमीन संपादनाविरुद्ध आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं. मोबदल्याचे पैसे टेकवून सरकारने मोकळं व्हायचं नाही, जमिनीच्या वाढलेल्या किमतीत मूळ मालकाचाही वाटा ठेवायचा, हे खाडीकाठच्या माणसांनी सरकारकडून वदवून घेतलं.

त्या काळात जमीन आणि नोकरी हे दोनच शब्द मोठे होते, आणि ते साहजिकच होतं. भातशेती आणि मिठागरं गेलेल्या घराला पोराच्या गळ्यात बंदराचा पास दिसला की भरून पावल्यासारखं वाटायचं. 26 मे 1989 रोजी जवाहरलाल नेहरू बंदर (जेएनपीटी) सुरू झालं. दहा वर्षांत, 1999मध्ये, तिथे खासगी कंटेनर टर्मिनल आलं. मग आणखी आली. 2022मध्ये बंदराने स्वतः चालवत असलेलं कंटेनर टर्मिनलही खासगी कंपन्यांकडे सोपवलं. आता बंदर प्राधिकरण जागेचा मालक, धंदा करणारे दुसरे. याला मी वाईट म्हणणार नाही. सरकारचा पैसा क्रेनमध्ये अडकत नाही, आणि टर्मिनलवाल्यांकडून वाटाही मिळतो. पण कायम नोकरी आटली. उरणच्या पोराला काम मिळतं ते सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनरच्या गोदामात, ट्रेलरवर, जहाजावर कंटेनर बांधणाऱ्या लॅशिंगच्या टोळीत. आणि पगार कंत्राटदार देतो.

सरकारचा पैसा असा वाचवायला, खर्चाला कात्री लावायला महाराष्ट्र नवखा नाही. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, 1986 साली, शून्याधारित अर्थसंकल्प आला. मागच्या वर्षी खर्च केला म्हणून यंदाही करू, हे चालणार नाही. प्रत्येक योजनेने आपली गरज नव्याने सिद्ध करावी. गरज आहे का, हा प्रश्न चोख होता. योजना बंद झाली की तिच्यावर पोट असलेला माणूस कुठे जाणार, हा दुसरा प्रश्न मात्र त्या पद्धतीत नव्हता. आजही नाही.

त्याआधी याच राज्याने एक वेगळी गोष्ट करून दाखवली होती. वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना 1972च्या दुष्काळात राज्यभर पोचली. तिच्या खर्चासाठी 1975 साली व्यवसाय कर आला: शहरातल्या पगारदाराने भरायचा, खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचं. 1977 साली कायदा झाला आणि काम मागणं हा हक्क बनला. तरी त्या कायद्यातलं काम अकुशलच राहिलं. वर्षानुवर्षं खडी फोडणारा माणूस शेवटी खडी फोडणाराच राहतो. 1990मध्ये फळबाग लागवड या योजनेशी जोडली, आणि कोकणात शेतकऱ्यांच्या वरकस, हलक्या जमिनीत आंबा-काजूची कलमं उभी राहिली. मजुरी तीच, तिजोरी तीच. मागे उत्पन्न देणारं झाड राहिलं. माझ्या मते महाराष्ट्राने खर्चात केलेली ही सर्वांत शहाणी सुधारणा, आणि तिच्यात एक रुपयाचीही कपात नव्हती.

याउलट 2024ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पाहा. बारावी झालेल्याला महिना 6 हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला 8, पदवीधराला 10. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिन्यांवर गेली. कितीतरी मुलं सरकारी कार्यालयांतच बसवली गेली आणि मुदत संपल्यावर कायम करा म्हणून आंदोलनाला उतरली. त्यांना दोष कसा द्यायचा? जिथे भरती नाही तिथलं काम त्यांना शिकवलं.

शिकवणं म्हटलं की आपण फी मोजतो. चाळिशीतल्या ट्रेलरचालकाला फी अडवत नाही, त्याला बुडणारा रोज अडवतो. गोदाम संगणकावर चालायला लागलंय, क्रेन दुरून चालवली जायला लागलीय. ते शिकायला तीन महिने लागले तर तीन महिने घरी चूल कशावर पेटणार? म्हणून सरकारने खर्च करावा तो त्या बुडणाऱ्या रोजावर. आणि संस्थेला पैसे द्यावेत ते हजेरीपटावरून नव्हे. वर्षभरानंतर त्या माणसाचा पगार वाढला का, ते बघून.

पैसा कुठून आणायचा? व्यवसाय कर अजून चालू आहे. 2005च्या केंद्रीय कायद्यानंतर रोजगार हमीच्या मजुरीचा मोठा भार केंद्राने उचलला, कर मात्र कापला जात राहिला. महिन्याला 200, फेब्रुवारीत 300. दहा हजारांवर पगार असलेला सीएफएसमधला कंत्राटी पुरुष कामगारही तो भरतो. आपली पगाराची पावती काढून बघा. अर्थखातं म्हणेल, सगळा महसूल एकाच तिजोरीत जातो, एखाद्या कराला एकच काम नेमून देता येत नाही. 1975 साली दिलं होतं.